आत्याबाईंना कोणी विचारलंच नाही

पत्र:
"माझं वय ३१. चार महिन्यांपूर्वी पुण्याहून गावी येताना हायवेला यांच्या मोटरसायकलला ट्रकनं धडक दिली. पुण्यात हॉस्पिटलमध्ये तीन दिवस व्हेंटिलेटरवर होते. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ब्रेन डेड झालेत, आणि मग अवयवदानाचं विचारलं. हे दरवर्षी गणपतीत रक्तदान करायचे. एकदा टीव्हीवर अवयव न्यायला रस्ता मोकळा करतात त्या ग्रीन कॉरिडॉरची बातमी बघून म्हणालेही होते, 'माझं काही झालं तर देऊन टाका.' मी आणि धाकट्या भाऊजींनी होकार दिला. दोन्ही किडन्या, लिव्हर आणि डोळे दिले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावी होत्या. त्यांना बीपीचा त्रास, म्हणून मयत दारात येईपर्यंत कोणी काही सांगितलं नाही. दहाव्याला कावळा शिवेना. घाटावरच कोणीतरी बोललं, 'अर्धामुर्धा जाळलाय, कसा शिवंल?' तेव्हापासून आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत. गावात कुजबुज आहे की आम्ही पाच लाख घेतले. मला रात्री एकच दिसतं. सही केली तेव्हा मॉनिटरवर हृदय चालू होतं आणि यांचा हात गरम होता. मी जिवंत माणूस दिला का? ज्यांना मिळालं त्यांना भेटता येईल का? सहा वर्षांच्या मुलीला काय सांगू?"
एक सून, सातारा जिल्हा

ताई,

पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण झोप उडवणारा एकच आहे, त्या गरम हाताचा. आधी त्याबद्दल बोलते.

मी एका सार्वजनिक रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते आणि शेवटची नऊ वर्षं प्रत्यारोपण समन्वयक. तुम्हाला त्या दिवशी आयसीयूबाहेरच्या छोट्या खोलीत बसवून, पाण्याचा ग्लास पुढे करून ज्यांनी विचारलं असेल, ते माझं काम. त्या खोलीत जाण्याआधी आत काय झालेलं असतं, ते मी पुष्कळदा खाटेच्या पायथ्याशी उभी राहून पाहिलं आहे. ते तुम्हाला कोणी दाखवलं नाही, म्हणून मी सांगते.

आपण मुद्दाम श्वास रोखून धरला तर काही वेळानं आपली इच्छा असो वा नसो, छाती उसळते आणि हवा आत ओढली जाते. कितीही जिद्दीचा माणूस स्वतःला श्वास कोंडून मारू शकत नाही. हे उसळवणारं ठिकाण मेंदूच्या देठात असतं. मेंदूमृत्यू तपासताना डॉक्टर आधी डोळ्यांच्या बाहुल्यांवर उजेड टाकतात, बुबुळाला कापसाचं टोक लावतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात, घशात नळी हलवून ठसका येतो का बघतात. हे सगळं निःशब्द गेलं की शेवटची परीक्षा. रक्तात भरपूर प्राणवायू भरून घेतात आणि व्हेंटिलेटर सोडवतात. एक बारीक नळी श्वासनलिकेत प्राणवायू सोडत राहते, पण श्वास मशीन देत नाही. मग आठ-दहा मिनिटं सगळ्यांची नजर छातीवर आणि पोटावर. खोलीत कोणी बोलत नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढत जातो, ठरलेल्या मर्यादेच्या वर जातो. मेंदूच्या देठात जिवाची एक ठिणगी जरी असती तरी तेवढ्यावर छाती उसळलीच असती. मी त्या मिनिटांत मनातल्या मनात 'घे रे, एक श्वास घे' म्हणायचे. मशीन पुन्हा लावलं जातं आणि कमीत कमी सहा तासांनी हीच सगळी तपासणी दुसऱ्यांदा होते.

ही तपासणी एकटा डॉक्टर करत नाही. कायद्यानं चार डॉक्टरांच्या सह्या लागतात, त्यात शक्यतो मेंदूचा तज्ज्ञ असतो आणि प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला एकही डॉक्टर चालत नाही. हा कायदा १९९४ चा, २०११ साली त्यात सुधारणा झाल्या. त्या प्रमाणपत्राला फॉर्म १० म्हणतात. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज देऊन त्याची प्रत मागा. त्यावर दोन्ही तपासण्यांची वेळ लिहिलेली असते. तुमची सही फॉर्म ८ वर आहे, आणि ती त्यानंतरची आहे. आधी मृत्यू, मग सही. हा क्रम स्वतःच्या डोळ्यांनी कागदावर वाचा. रात्री तीन वाजता मनाला समजावण्यापेक्षा तो कागद उघडून बघणं जास्त कामाला येतं, हे मी बऱ्याच जणींच्या बाबतीत पाहिलं आहे.

मग हृदय कसं चालू होतं? हृदयाला ठोका द्यायला मेंदू लागत नाही. त्याची स्वतःची वीज त्याच्यातच असते. मशीन प्राणवायू पुरवत होतं तोवर ते ठोके देत होतं, रक्त फिरत होतं, म्हणून हात गरम होता. कोमा वेगळा. कोमात देठ जिवंत असतो, माणूस स्वतः श्वास घेऊ शकतो आणि काही जण परत येतात. मेंदूमृत्यूतून परत कोणी येत नाही. तुम्ही नाही म्हणाला असतात, तरी काही तासांत, फार तर काही दिवसांत तेही हृदय थांबलं असतं. तुमच्या सहीनं यांचा जीव गेला नाही, ताई. तो हायवेवर गेला होता. मशीननं तुम्हाला निरोपाला थोडा वेळ दिला.

आता पैशाचं. हे ऐकायला फार लागतं, मला कल्पना आहे. दहा जणांसमोर कोणी बोलत नाही, पाणवठ्यावर बोलतात, त्यामुळे उत्तर तरी कोणाला द्यायचं? पण या कुजबुजीचं मूळ समजून घ्या. आपल्याकडे किडनी रॅकेटच्या बातम्या येऊन गेल्यात आणि लोकांच्या डोक्यात अवयव म्हटलं की तेच बसलंय. ती प्रकरणं बहुतेक जिवंत माणसाच्या किडनीची, खोटी नाती दाखवून केलेली. मृत्यूनंतरच्या दानात नातेवाईकांना घेणारा कोण हे कळतच नाही, मग सौदा करणार कोणाशी? अवयव जातात ते पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयववाटप बघणाऱ्या विभागीय केंद्राच्या, प्रतीक्षायादीप्रमाणे: रक्तगट, किती दिवस वाट बघितली, तब्येत किती बिघडली, हे बघून. अवयवाचे पैसे देणं-घेणं हा गुन्हा आहे. शिक्षा ५ ते १० वर्षं कैद आणि दंड २० लाख ते १ कोटी. पाच लाखांसाठी एवढी जोखीम कोण घेईल, हे भावकीत भाऊजींनी बोलावं. तुम्ही नको. विधवा बाई बोलायला लागली की तिचाच आवाज मोठा ठरवतात. भाऊजी त्या खोलीत तुमच्या शेजारी होते, होकार त्यांचाही होता, आणि तरी चार महिने सगळा भार तुमच्या एकटीच्या डोक्यावर आहे. त्यांना माझं हे वाक्य वाचून दाखवा.

एक गोष्ट भाऊजींनी उघड करून टाकावी, ती म्हणजे बिल. आधीच्या उपचाराचं बिल तुम्ही भरलं असणार. होकारानंतर अवयव जपण्याचा आणि काढण्याचा खर्च दात्याच्या घरच्यांवर टाकायचा नाही असा नियम आहे, त्यामुळे बिलातला तो भाग तुमच्याकडून घेतला गेला नसेल. कधी कधी हॉस्पिटल किंवा ट्रस्ट आणखी थोडी सूट देतं. गावाला मात्र 'बिल माफ झालं' एवढंच कळतं आणि पुढे आकडा वाढत जातो. पावत्या समोर ठेवल्या की तोंडं बंद होतात.

पावत्यांवरून आठवलं, आणि हे तातडीचं आहे. ट्रकच्या विम्याकडून भरपाईसाठी मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावलाय का? कायद्यात आता त्याला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे. तुमचे चार झाले. दानाचा दाव्याशी काही संबंध नाही. अपघाताची केस होती, म्हणजे पोलिसांचं ना-हरकत पत्र, पंचनामा आणि पोस्टमार्टेम झालेलंच असणार. याच आठवड्यात साताऱ्याला वकिलाकडे जा. 'आता पैसे आले तर लोक म्हणतील, बघा, अवयवांचेच' या भीतीनं काही घरांनी दावा लावलाच नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही तसं करू नका. तो मुलीचा हक्क आहे.

घेणाऱ्यांना भेटायचं म्हणता. ते जमणार नाही. आपल्याकडे दोन्ही बाजूंची नावं एकमेकांना सांगत नाहीत, आणि मला ते योग्य वाटतं. वीस वर्षांच्या मुलाची आई आणि त्याची किडनी मिळालेला माणूस समोरासमोर आले की पहिल्या दिवशी गळाभेट होते. पुढे आईला तो रोज हवा असतो. तो पथ्य पाळत नाही, गोळ्या चुकवतो असं कळलं, किंवा तो दगावला, तर तिचा मुलगा दुसऱ्यांदा जातो. समन्वयकांना फोन करून ढोबळ माहिती मात्र विचारा: बाई की पुरुष, वय साधारण किती, शस्त्रक्रिया कशी झाली. एवढं विचारण्यात संकोच कसला? दोघांचं डायलिसिस सुटलं असेल, एकाला लिव्हर मिळालं असेल, दोन जणांना बुबुळं. ते कसे आहेत हे तुम्हाला कोणीतरी आपणहून कळवायला हवं होतं.

या ठिकाणी मला आपल्या सगळ्या व्यवस्थेविषयी बोलायचंय, कारण मी तिचाच भाग होते. २०२३ मध्ये देशात एका वर्षात मृत्यूनंतर अवयवदान करणाऱ्यांची संख्या पहिल्यांदा हजाराच्या वर गेली. एवढा मोठा देश, आणि दहा लाख माणसांमागे एकसुद्धा दाता नाही. त्या वर्षी प्रत्यारोपणं १८ हजारांहून जास्त झाली, म्हणजे बाकी सगळा भार जिवंत माणसांनी, त्यातही जास्त करून बायकांनी उचलला. नवऱ्याला किडनी देणाऱ्या बाईला सावित्री म्हणतात. तीच बाई नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच इच्छेनं सही करते तेव्हा तिला जाब विचारतात. याची मला चीड येते. सभांमधून लोक म्हणतात, स्पेनसारखा कायदा करा, नकार लिहून ठेवला नसेल तो प्रत्येक जण दाताच धरा. स्पेनमध्ये तो कायदा १९७९ पासून आहे खरा, पण तिथेही घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. आकडे वाढले ते १९८९ पासून त्यांनी प्रत्येक हॉस्पिटलात तयार केलेला समन्वयक बसवला, त्यानंतर. विचारणारा माणूस चांगला लागतो, आणि मी म्हणेन, विचारून झाल्यावर मागे राहणाराही लागतो. आम्ही सहीपर्यंत सोबत असायचो. शाल, प्रमाणपत्र, अँब्युलन्स, नमस्कार. पुढे दहावा कसा गेला, गावात काय बोलले, हे विचारायला आमच्याकडे ना माणूस होता ना रजिस्टरमध्ये रकाना.

तमिळनाडूनं सप्टेंबर २०२३ मध्ये दात्यांना शासकीय इतमामात निरोप द्यायचं जाहीर केलं. पुढे ओडिशानंही तसं ठरवलं. मला आधी तो देखावा वाटला होता. तुमच्यासारखी पत्रं वाचून मत बदललं. गावाच्या स्मशानात सरकारी अधिकारी येऊन मानानं फूल वाहतो, तेव्हा 'पाच लाख' म्हणायची हिंमत कोणाची होणार? तुमच्या वेळी तसं कोणी आलं नाही.

मुलीला खरं सांगा, पण एक चूक टाळा. 'बाबा आता दुसऱ्याच्या डोळ्यांनी तुला बघतायत' असं म्हणू नका. नातेवाईक प्रेमानं म्हणतात, आम्हीही म्हणायचो. अशाच एका घरातली सात वर्षांची पोर नंतर एसटी स्टँडवर प्रत्येक काकाच्या डोळ्यांत वाकून बघायला लागली. तिच्या आईनं मला हे सांगितलं त्या दिवसापासून ते वाक्य मी टाकलं. बुबुळाचा पारदर्शक पडदा तेवढा बसवतात, डोळ्यांचा रंग किंवा नजर जात नाही. म्हणून सरळ सांगा: बाबा अपघातात गेले, ते परत येणार नाहीत. जाताना त्यांच्या शरीरातलं जे चांगलं होतं ते आपण आजारी माणसांना दिलं, कारण बाबांनीच तसं सांगितलं होतं.

कावळ्याचं मी हसण्यावारी नेणार नाही. घाटावर पिंड ठेवून वाट बघत बसलेल्या माणसांच्या पोटात काय कालवतं ते मला ठाऊक आहे. माझे वडील ८२ व्या वर्षी झोपेत गेले, अंगावर ओरखडा नव्हता. सांगलीला कृष्णेच्या काठावर दीड तास बसलो, कावळे समोरच्या झाडावर, खाली एक येईना. आई हात जोडून म्हणाली, 'धाकटीचं शिक्षण थांबवणार नाही.' नाही आला. थोरला भाऊ म्हणाला, 'शेताची वाटणी भांडण न करता करू.' नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. त्यांचं तर सगळं शरीर अग्नीला गेलं होतं. अवयव देऊनही पहिल्या घटकेला कावळा शिवल्याचं मला काही घरांनी आनंदानं फोन करून सांगितलंय. पुढच्या जन्माचं मी सांगू शकत नाही. पण ज्या दधीचीनं हाडं दिली तो पुढच्या जन्मी बिनहाडाचा झाला असं आपल्याकडे कुठल्या कीर्तनात ऐकलंय?

आणि आता आत्याबाई.

तुम्हाला वाटतंय, त्यांचा राग दानावर आहे. मला तसं वाटत नाही. माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगते, ती मला आजही टोचते. एका तरुण मुलाच्या दोन भावांनी होकार दिला. आई गावी होती. भाऊ म्हणाले, 'तिला नंतर सांगू, सहन होणार नाही.' वेळ कमी होता, कायद्यानं जवळच्या एका नातेवाइकाची सही पुरत होती, मी मान हलवली. दोन महिन्यांनी ती माउली एकटी एसटीनं आली, माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसली. मला वाटलं, भांडेल. ती म्हणाली, "दिलं ते दिलं. मला फकस्त सांगा, त्याचं आंग गरम हुतं तवा मला का न्हाई बोलीवलं? मला थंडगार लेकरू दिलंत." माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर आई-वडील गावी असतील तर गाडी पाठवून आणल्याशिवाय मी फॉर्म पुढे केला नाही, चार-पाच तास गेले तरी.

ताई, जो गरम हात तुम्हाला छळतोय, तो आत्याबाईंच्या वाट्याला आलाच नाही. तुम्ही तीन दिवस त्या हातात हात देऊन बसलात. त्यांना मध्यरात्री अँब्युलन्समधून बांधून आणलेला मुलगा मिळाला, अंगणात लोक जमलेले, आणि तोंड बघायला दोन मिनिटं. मग घाटावर कोणीतरी 'अर्धामुर्धा' म्हणालं आणि त्यांच्या दुःखाला एक नाव मिळालं. बीपीची काळजी तुम्ही मनापासून केलीत, त्यात खोट नव्हती. पण मुलाच्या शेवटच्या तीन दिवसांतून आईला वगळलं गेलं, हेही खरं आहे.

म्हणून त्यांच्याशी ब्रेन डेड म्हणजे काय, कायदा काय म्हणतो, किती जणांचे जीव वाचले, यातलं काही आधी काढू नका. दुपारी मुलगी शाळेत असेल तेव्हा जाऊन बसा. पहिलं वाक्य एवढंच: "आत्याबाई, तुम्हाला आणायला हवं होतं. आमचं चुकलं." त्यापुढे 'पण' लावायचा नाही. मग तीन दिवस सांगा. कुठल्या खाटेवर होते, अंगावर कसली चादर होती, दाढी वाढली होती का, तुम्ही कानाशी काय बोललात, नर्सबाईंनी केस कसे विंचरले. त्यांचा हात गरम होता, हे सांगा. तो हात सोडताना तुम्हाला काय झालं, तेही सांगा. त्यांना या घरात तेवढं सांगू शकणाऱ्या तुम्हीच आहात.

टीव्हीवरच्या त्या बातमीच्या वेळी आत्याबाई घरात होत्या का, हे आठवून बघा. 'देऊन टाका' हे यांचं बोलणं त्यांच्याही कानावर पडलं असेल तर एक दिवस त्या स्वतःच ते काढतील. नसेल पडलं, तर ते तुमच्या तोंडून त्यांना कळू दे, पण पहिल्याच दुपारी नको.

पहिल्या दिवशी त्या उठून आत गेल्या तर जाऊ द्या. चहा ठेवा, त्यांचा कप त्यांच्या जागेवर नेऊन ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा बसा.